न मांडलेली बाब

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी बाजारपेठेत वह्यांची पूजा होते. नव्या चोपडीवर कुंकवाचे स्वस्तिक उमटते, पहिल्या पानावर 'श्री' लिहिला जातो, झेंडूचे फूल वाहिले जाते. घरातल्या जमाखर्चाच्या वहीच्या वाट्याला हा मान कधी आला नाही. ती बिचारी दुधाचा हिशेब लिहिलेल्या कॅलेंडरामागे, नाहीतर मसाल्याच्या फळीवर, हळदीची बोटे अंगावर मिरवीत पडलेली असते. पेढीवरची वही बुडाली तर एक व्यापारी बुडतो, ही वही बुडाली तर घर उपाशी राहते. पण फूल वाहायचे ते पेढीवरच्या वहीला!

साहित्यातही तेच. कंजूष माणसाची रंगभूमीवर बडदास्त चांगली आहे. मोलियरचा कृपण अत्र्यांनी 'कवडीचुंबक' म्हणून मराठीत आणला आणि प्रेक्षक त्याला पोट धरून हसले. उधळ्याचेही बरे आहे. त्याच्यावर कादंबऱ्या निघतात आणि शेवटच्या प्रकरणात तो पस्तावतो किंवा मरतो. काटकसरी माणसाचे मात्र नाटक होत नाही, कारण काटकसरीत घडत काही नाही. जे घडले असते ते घडू न देणे हेच तिचे काम. शेंगदाण्याचे कूट आज अर्धी वाटी कमी पडले, यावर तिसऱ्या अंकाचा पडदा कसा पाडणार?

तरीही काटकसरीचे एक वाङ्मय आपल्याकडे आहे, आणि ते थोडेथोडके नाही. ते आत्मचरित्रांत विखुरलेले आहे. गेली काही वर्षे ही पुस्तके मी एका खोडीने वाचत आले आहे. खोड मास्तरणीची. वही हाती आली की आधी बेरीज तपासायची, अक्षराचे मागाहून. या थोरामोठ्यांच्या वह्यांतल्या बेरजा बहुधा बरोबर येतात. पण पुष्कळदा एक बाब मांडायचीच राहिलेली असते, आणि गंमत अशी की पुस्तक कोणत्याही मुलखातले असो, राहिलेली बाब तीच असते.

आरंभ परक्या मुलखातल्या, पण दुर्गाबाई भागवतांमुळे मराठी झालेल्या पुस्तकापासून करते. अमेरिकेत कॉन्कॉर्ड गावाजवळ वॉल्डन नावाचे तळे आहे. हेन्री डेव्हिड थोरो हा तरुण ४ जुलै १८४५ रोजी त्या तळ्याकाठी स्वतः बांधलेल्या झोपडीत राहावयास गेला आणि दोन वर्षे, दोन महिने तेथे राहिला. त्याचे 'वॉल्डन' १८५४ साली प्रसिद्ध झाले. दुर्गाबाईंनी 'वॉल्डनकाठी विचारविहार' या नावाने त्याचा अनुवाद केला. तळे, पाखरे, बर्फ यांच्यासाठी लोक हे पुस्तक वाचतात. त्याचे पहिले आणि सर्वांत लांब प्रकरण मात्र निव्वळ घरखर्चाचे आहे. झोपडीला खर्च आला २८ डॉलर साडेबारा सेंट. आठ महिन्यांच्या खाण्याला ८ डॉलर ७४ सेंट. त्यात एक भोपळा ६ सेंटांचा, मीठ ३ सेंटांचे आणि एक कलिंगड २ सेंटांचे! कलिंगडाचे दोन सेंट छापील पुस्तकात मांडणारा लेखक मला मनापासून आवडतो. घर, शेत, अन्न, कपडे, दिव्याचे तेल असा एकूण खर्च ६१ डॉलर पावणेशंभर सेंट, म्हणजे पाव सेंट कमी बासष्ट डॉलर. शेतमाल आणि मजुरी यांची जमा ३६ डॉलर ७८ सेंट. तूट २५ डॉलर पावणेबावीस सेंट. बेरीज मी करून पाहिली आहे, बरोबर आहे.

आणि त्या हिशेबाच्या कुशीतच एक वाक्य आहे. त्याचा आशय असा की, धुणे आणि कपड्यांची डागडुजी या खर्चात धरलेली नाही. ती कामे बहुतेक बाहेरच होत, आणि त्यांची बिले अद्याप आलेली नाहीत. एवढे सांगून स्वारी पुढे सरकते. तळ्यापासून गाव दीड-दोन मैलांवर. गावात त्याची आई आणि बहिणी राहत होत्या. बिल कोणाकडून यायचे होते, आणि ते आले का, हे पुस्तक सांगत नाही.

ही ती बाब. भोपळा आला, मीठ आले, खिळे आले, धुणे राहिले. तरी थोरोबद्दल मला राग नाही. 'ही रक्कम यात धरलेली नाही' एवढे तरी त्याने लिहून ठेवले. जी बाब आपण सोडत आहोत तिची जागा मोकळी ठेवून पुढे जाणे ही सुद्धा प्रामाणिकपणाची एक पायरी आहे. पुष्कळांच्या वहीत ती जागाही नसते.

गांधीजींचे 'सत्याचे प्रयोग' या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. लंडनला शिकत असताना बसभाडे, टपालाची तिकिटे, वर्तमानपत्राचे पैसे असा एकूण एक खर्च ते मांडीत आणि रात्री निजण्यापूर्वी शिल्लक ताळून पाहत. पुढे एका खोलीत राहून, सकाळी ओटची लापशी आणि कोको घरीच करून, दिवसाला एक शिलिंग तीन पेन्सांत भागवीत. इथवर ही कोणाही होतकरू विद्यार्थ्याची गोष्ट आहे. वेगळेपण पुढे दिसते. दक्षिण आफ्रिकेत वकिली चालू असताना परटाचे बिल डोईजड झाले, तेव्हा ते धुणे त्यांनी स्वतःच आरंभले. कॉलरला खळ इतकी जास्त झाली की कोर्टात ती ठिबकू लागली आणि बरोबरीचे बॅरिस्टर हसले. याच प्रकरणात आपल्या गोपाळराव गोखल्यांचे उपरणे येते. न्यायमूर्ती रानड्यांनी दिलेले, जिवापाड जपलेले ते उपरणे जोहान्सबर्गच्या मेजवानीला नेसायचे, आणि त्याला सुरकुत्या पडलेल्या. गांधीजींनी इस्त्री करून देतो म्हटले, तर गोखल्यांना त्यांच्या वकिलीचा भरवसा होता, परीटकामाचा नव्हता. शेवटी इस्त्री झाली आणि उत्तम झाली. हा विनोद मला मोठ्या मोलाचा वाटतो. ज्याने धुण्याची बाब स्वतःच्या हाताने वहीत मांडली, त्यालाच तो सुचू शकतो.

तथापि त्याच पुस्तकात १९०१ सालची दागिन्यांची हकीकतही आहे. दक्षिण आफ्रिका सोडताना लोकांनी मौल्यवान भेटी दिल्या. त्यांत पन्नास गिनींचा सोन्याचा हार कस्तुरबांसाठी होता. गांधीजींनी सगळ्याचा सार्वजनिक निधी करावयाचे ठरवले, आधी मुलांची संमती मिळवली आणि मग बायकोसमोर उभे राहिले. कस्तुरबांनी जे विचारले त्याचा मथितार्थ असा : तुमची सेवा ती माझीही नव्हे काय? मी रात्रंदिवस राबले, ती सेवा कशात धरली? शेवटी हार गेलाच. पण गांधीजींनी तो प्रश्न आपल्याच आत्मचरित्रात, आपल्याच विरुद्ध, लिहून ठेवला. नवऱ्याच्या वहीत बायकोने केलेली ही नोंद, आणि नवऱ्याने ती खोडली नाही.

मराठीत अशी सोय झाली ती वेगळ्या तऱ्हेने. आपल्याकडे नवऱ्याची वही वेगळी आणि बायकोची वेगळी. दोन्ही छापून निघाल्या, पण दोहोंचा मेळ घालावा असे फारसे कोणाला वाटले नाही. मी म्हणते ती पुस्तके धोंडो केशव कर्व्यांचे 'आत्मवृत्त' आणि आनंदीबाई कर्व्यांचे 'माझे पुराण'. पहिले १९१५ सालचे, दुसरे १९४४ सालचे. मध्ये एकोणतीस वर्षे गेली.

अण्णासाहेबांची काटकसर सर्वांना ठाऊक आहे. फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायचे आणि तास आटोपले की चार मैलांवरच्या हिंगण्याला पायी जायचे. आश्रमातल्या मुलींना शिकवायचे, पुन्हा पायी परतायचे. चपलेचे तळ झिजतील, पण टांग्याचे भाडे नको. पै न् पैचा हिशेब चोख. 'आत्मवृत्ता'ची भाषाही तशीच आहे. विशेषणाला परवानगी नाही, उद्गारचिन्हाला मज्जाव. एखाद्या संस्थेचा अहवाल वाचावा तसे आपण ते वाचत जातो आणि वाचता वाचता मान आपोआप खाली जाते. असा माणूस आपल्या भाषेत होऊन गेला याचा अभिमान वाटावा, असे ते पुस्तक निःसंशय आहे.

आता विम्याची गोष्ट घ्या. आश्रमाला पैशाची अडचण होती. अण्णांनी आपल्या आयुष्याच्या विम्याची पॉलिसी आश्रमाला देऊन टाकली. सार्वजनिक दृष्टीने पाहिले तर त्यागाचा यापेक्षा स्वच्छ नमुना सापडणार नाही. परंतु पॉलिसी म्हणजे काय असते? ती नवऱ्याच्या हयातीत कोणाचीच नसते. ती असते त्याच्यामागे राहणाऱ्या बाईची. बायांच्या मनाला हे फार लागले, आणि लागायचेच. कारण ही बाई कोण होती? ती बालविधवा होती. पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात शिकलेली, १८९३ साली कर्व्यांशी पुनर्विवाह करून गावाचा बहिष्कार सोसलेली गोदूबाई. वैधव्य म्हणजे काय याचा अनुभव घरात कोणाला असेल तर तिलाच होता, पुस्तकातून नव्हे, डोक्यावरून फिरलेल्या वस्तऱ्यातून. विधवांसाठी काढलेल्या घराला नवऱ्याने देणगी दिली, आणि ती देणगी घरातल्या उद्याच्या विधवेची होती!

हे वाक्य लिहिताना मी दोनदा थांबले. अण्णांना उणेपणा आणण्याचा माझा हेतू नाही. आश्रम उभा राहिला म्हणून हजारो मुली शिकल्या, त्यांच्या नाती-पणती आज शाळा चालवतात. मीही एका अर्थाने त्या पॉलिसीवरच शिकले. पण टीकाकाराचे काम आरती ओवाळण्याचे नाही. 'आत्मवृत्त' एकटे वाचले तर आपल्याला त्याग दिसतो. 'माझे पुराण' शेजारी ठेवले की त्या त्यागाची किंमत दिसते, आणि ती किंमत कोणी चुकवली तेही दिसते. नवरा लष्कराच्या भाकऱ्या भाजीत असता घरातल्या भाकरीचे पीठ कोठून आले, हे विचारल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही. बाया ते विचारतात. रडून नव्हे, रागावूनही फारसे नव्हे. ओसरीवर बसून शेजारणीला सांगावे तशा बोलीत, मुलांच्या आईला असायचा तेवढाच वेळ काढून. नावात 'पुराण' हा शब्द त्यांनी योजला तो मला फार मार्मिक वाटतो. चूल सांभाळणाऱ्या बाईची हकीकत नेहमी 'पुराण'च ठरते, वृत्त असायचे ते नवऱ्याचे.

माझे मत मी स्पष्ट सांगते : वाङ्मय म्हणून 'माझे पुराण' अधिक मोठे आहे. हे अनेकांना पटणार नाही. चरित्रनायक मोठा म्हणून चरित्र मोठे, असा आपल्याकडे एक आळशी हिशेब चालत आला आहे. परंतु पुस्तकाची थोरवी त्यात मावलेल्या माणसांच्या संख्येवर असेल, तर बायांच्या पुस्तकात अण्णा पूर्ण मावतात, अण्णांच्या पुस्तकात बाया तेवढ्या मावत नाहीत.

लक्ष्मीबाई टिळकांच्या बाबतीत हा प्रश्नच उरला नाही, कारण तिथे वही एकीनेच लिहिली. 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून निघू लागली आणि तेव्हापासून तिची स्तुती चालू आहे. तीत मी काय भर घालणार? फक्त एका गोष्टीकडे लक्ष वेधते. रेव्हरंड टिळकांच्या हाती पैसा टिकत नसे. वाटेत कोणी अडलेला भेटला की खिसा रिकामा. घरात पोसायला आणलेली पोरकी मुले. १९१७ साली मिशनचा पगार सोडून ते संन्यासी झाले. कवीच्या या औदार्यावर दुसऱ्या कोणी लिहिले असते तर एक तर स्तोत्र झाले असते, नाहीतर फिर्याद. लक्ष्मीबाईंनी तिसराच मार्ग धरला. त्या हसल्या. त्यांचा विनोद हा काही स्वभावाचा अलंकार नव्हे. ते त्यांचे हिशेबाचे साधन आहे. तूट किती आली हे त्या आकड्याने सांगत नाहीत, विनोदाने सांगतात. जेथे विनोद अधिक दाट, तेथे समजावे की त्या दिवशी डबा अगदी रिकामा होता.

या बायकांच्या गद्याबद्दल इथेच एक बोलून घेते. शाळेत आम्ही निबंध शिकवतो तेव्हा मुलांना सांगतो, वाक्य सजवा. लक्ष्मीबाई वाक्य सजवीत नाहीत, त्या ते पुरवतात. आटवा तांदूळ जसा चौघांच्या जागी सहांना पुरवावा, तसे एकच वाक्य प्रसंग सांगते, माणूस दाखवते आणि आपले मतही हळूच पदरात टाकते. शाळेची पायरी न चढता, नवऱ्याकडून अक्षरे शिकून, ही बाई असे गद्य लिहून गेली. कसे, याचे उत्तर शैलीशास्त्रात सापडेल असे वाटत नाही. ज्या हाताला कोथिंबिरीचे देठ टाकवत नाहीत त्या हाताला शब्दही टाकवत नाही, एवढेच मला सुचते.

सुनीताबाई देशपांड्यांचे 'आहे मनोहर तरी' १९९० साली आले तेव्हा मोठा गदारोळ झाला. त्या पुस्तकात १९४६ साली झालेल्या नोंदणी पद्धतीच्या लग्नाचा खर्च आहे : अर्जाचे आठ आणे. तेवढ्यावर कोणी रागावले नाही. उलट कौतुकच झाले. वाचक रागावले ते पुढच्या पानांवर, साऱ्या महाराष्ट्राच्या लाडक्या माणसाच्या घरात न मांडलेल्या बाबींची यादी निघाली तेव्हा. लग्न आठ आण्यांत केले ही काटकसर आपल्याला गोड वाटते; संसार कोणी कशावर केला हे ऐकायला आपण तयार नसतो.

'श्यामची आई'ची गोष्ट निराळी, आणि तिच्याबद्दल मला भांडायचे आहे. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले, १९३५ साली ते निघाले. अलीकडे त्याला रडके म्हणण्याची पद्धत आहे. 'गरिबीचे गोडवे गाणारे पुस्तक' असा शेराही मी वाचला आहे. मला वाटते, शेरा मारणारांनी ते लहानपणी ऐकले असेल, मोठेपणी वाचलेले नाही. त्यात काटकसरीचा एक प्रसंग आहे : दापोलीला शिकणारा श्याम खाऊसाठी मिळालेले पैसे साठवतो आणि धाकट्या भावासाठी कोट शिवून घेतो, मग पावसापाण्यातून, भरलेल्या नदीनाल्यांतून घर गाठतो. शाळेत हा धडा 'बंधुप्रेम' म्हणून शिकवला जातो, मीही शिकवते. पण पुस्तकभर पाहिले तर तो मुलगा दुसरेच काही करतो आहे. आई काय काय करी, हे तो एकेका रात्री मोजून सांगतो आहे. धुणे, दळण, सारवण, बागेतले पाणी, आजारपणातले काम, सावकाराच्या माणसाला द्यायचे उत्तर. एका पुरुषाने ही बाब इतक्या सविस्तर मांडलेली मराठीत दुसरीकडे कोठे आहे? हे रडगाणे नव्हे, हा उशिरा केलेला जमाखर्च आहे, आणि ज्याचे देणे लागत होते ते माणूस गेल्यावर केलेला आहे. म्हणून डोळ्यांत पाणी येते.

माझी तक्रार आहे ती पुस्तकाबद्दल नव्हे, आपण त्याचे जे केले त्याबद्दल. आपण त्या आईची देवी केली. देवीचे एक बरे असते, तिला पगार द्यावा लागत नाही. वर्षातून एक दिवस हार घातला की देणे फिटले.

येथवर मी घरातच हिंडले. पण गाव हेही एक घरच होते, आणि त्याच्याही वहीत एक न मांडलेली बाब होती. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आले आणि बेबीताई कांबळ्यांचे 'जिणं आमुचं' १९८६ साली पुस्तकरूपाने निघाले. तेव्हा मध्यमवर्गीय वाचकाला प्रथमच कळले की काटकसर हा शब्द ज्यांच्या भाषेत असूच शकत नाही अशी माणसे आपल्याच गावाच्या कडेला राहत होती. काटकसर करायला आधी काही यावे लागते. गावकीची कामे करायची, निरोप पोहोचवायचे, मेलेली गुरे ओढायची, आणि संध्याकाळी घुंगुरकाठी घेऊन दारोदार भाकरी मागायची. त्या शिळ्या तुकड्यांना गाव 'हक्क' म्हणे. वतन १९५८ च्या कायद्याने गेले. तोपर्यंत पाटलाच्या, कुलकर्ण्याच्या घरची जी शिल्लक आपण त्यांच्या टुकीच्या संसाराच्या नावावर जमा करीत आलो, तिच्यात हे कष्ट बिनमोल मिसळलेले होते. जुन्या कादंबऱ्यांतल्या सुगरण वहिनींचे कोठार नेहमी भरलेले असे. ते भरायला कोण येई, हे त्या कादंबऱ्यांनी क्वचितच सांगितले.

बेबीताईंनी फलटणला छोटे दुकान चालवले. पुडीच्या रद्दीवर जे छापलेले असेल ते त्या वाचीत, आणि घरच्यांपासून लपवून वह्या लिहीत. वाण्याच्या गल्ल्यामागे बसून, गिऱ्हाइकाची चिल्लर मोजता मोजता, एका जमातीचा थकलेला हिशेब एक बाई लिहून काढते! मराठी वाङ्मयाच्या इतिहासात याला कोणते प्रकरण द्यायचे ते इतिहासकारांनी ठरवावे.

यावर कोणी म्हणेल, बाई, साहित्य म्हणजे जमाखर्च नव्हे. खरे आहे. भोपळ्याची किंमत कळल्याने थोरो थोर ठरत नाही. आकडे कोणीही लिहील. पण आकडा लिहिणारा माणूस जेव्हा एखादा आकडा लिहीत नाही, तेव्हा तो साहित्याचा विषय होतो. कादंबरीकारांच्या पंगतीत बसणारी मी हे जाणून आहे की आमच्या कादंबऱ्यांत नायकाला विचार करायला रात्र रात्र मोकळी सापडते. त्याचा सदरा सकाळी धुतलेला, इस्त्री केलेला खुंटीवर असतो. त्याच्या आत्मशोधाला कागद किती लागले हे आम्ही मोजतो. सदऱ्याला साबण किती लागला हे प्रकाशकही विचारीत नाही.

आणि ही जुन्या काळाची कथा आहे अशी समजूत कोणी करून घेऊ नये. आता वही फोनमध्ये आली. भाजीवालीला दिलेल्या वीस रुपयांचीही नोंद आपोआप होते, हप्ते आपोआप कापले जातात, महिनाअखेर रंगीत चक्र काढून फोन सांगतो की तुम्ही खाण्यावर इतके आणि प्रवासावर इतके उडवलेत. थोरोला हेवा वाटावा अशी सोय! धुण्याचे बिल मात्र त्यातही येत नाही. सरकारने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरची बिनपगारी कामे करणाऱ्यांत बाईची सरासरी दिवसाला २९९ मिनिटे निघाली, पुरुषाची ९७. पुन्हा २०२४ साली पाहणी झाली. बायकांची मिनिटे २८९ वर आली. दहा मिनिटे वाचली म्हणून आनंद मानावा, तर पुरुषांचीही ९७ वरून ८८ झालेली. भार हलका झाला म्हणायचा तो दोघांचाही, आणि पुरुषाचा प्रमाणाने अधिक! या दिवाळीत चकल्यांची भाजणी कोणाच्या मिनिटांत बसली, ते ज्याने त्याने आपल्या घरी पाहावे. चकली खाताना पाहिले तरी चालेल.

मी ज्या वाचनालयाची सभासद आहे तेथे कर्व्यांचे 'आत्मवृत्त' थोर पुरुषांच्या कपाटात आहे. 'माझे पुराण' महिला विभागात, लोणची-मुरंब्यांच्या पुस्तकांना लागून. गेल्या उन्हाळ्यात मी ग्रंथपालांना म्हटले, "काका, ही दोन पुस्तके शेजारी शेजारी ठेवता येतील का?" ते भले गृहस्थ आहेत. चष्मा वर करून त्यांनी नोंदवही पाहिली आणि म्हणाले, "बाई, दोन्हींचे वर्गांक निराळे आहेत. माझ्या हातात असते तर ठेवली असती." तूर्त दोन्ही पुस्तके मी माझ्याच नावावर आणून घरी एका फळीवर ठेवली आहेत. मुदत संपली आहे आणि दिवसाला एक रुपया दंड चढतो आहे.